विंध्य चढलो, मग उतरलो कुठे?

प्रश्न: दिवाळीत महेश्वरहून इंदूरला आत्याकडे गेलो. खालून विंध्य पर्वत अगदी भिंतीसारखा दिसत होता, घाट चढून वर आलो तर सगळी सपाट काळी शेतं, आणि इंदूर आलं तरी पलीकडचा उतार काही लागलाच नाही. मग डोंगर गेला कुठे? आणि एवढी भारी माती त्या डोंगरावरूनच वाहून आली का? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर: दादा, डोंगर कुठंच गेला नाही, तुम्ही त्याच्या पाठीवरूनच गाडी चालवत होतात! तुम्ही संगमनेरचे, मग कोकणातून घाट चढून देशावर आल्यावर काय होतं ते आठवा, खालून सह्याद्री केवढा उभा दिसतो आणि वर आलं की पलीकडे उतरायला लागतच नाही, तसंच हे. पश्चिमेकडचा विंध्य म्हणजे माळव्याच्या पठाराची दक्षिणेकडची तुटलेली कड. विंध्य आणि सातपुड्याच्या मधली जमीन खचली, त्या खचदरीतून नर्मदा वाहते, म्हणून निमाडातून, म्हणजे महेश्वरकडच्या नर्मदेकाठच्या खालच्या भागातून, बघितलं की भिंत दिसते. उत्तरेला मात्र उतार इतका हळू आहे की गाडीत बसून कळतच नाही, पण नद्यांना बरोबर कळतो. महूजवळच्या जानापावला चंबळ उगम पावते, नर्मदा तिथून काही फार लांब नाही, तरी ती नर्मदेकडे पाठ फिरवून उत्तरेला यमुनेला जाऊन मिळते. क्षिप्रापण तिकडेच जाते. मला हे दरवेळी भारी वाटतं.

आता माती. ती वाहून आलेली नाही, बहुतेक जागच्या जागीच तयार झालीये. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, आपल्या दख्खनचे तेच, त्यांचा बेसॉल्ट झिजून ही काळी जमीन झाली. पावसाचं पाणी ती धरून ठेवते म्हणून खरिपात सोयाबीन काढलं की मागे गहू-हरभरा येतो. पण विंध्य सगळीकडे असा नाही हां, पूर्वेला भीमबेटकाकडे गेलात तर त्याच विंध्यात बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना वालुकाश्म उघडा पडलाय आणि तिथं खडकावर माती पातळ, जंगलच जास्त.

पुढच्या वेळी जाम गेटला नक्की थांबा, अहिल्याबाईंच्या काळातलं आहे, अगदी कडेवर. तिथून दक्षिणेला निमाड खोल खाली दिसतं आणि मागे वळलात की माळवा तुमच्याच लेव्हलला.