ब्रोरा: शेजारणीमुळे बंद पडलेली भट्टी

क्लायनेलिश आणि ब्रोरा या स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या दोन भट्ट्या एकमेकींना खेटून आहेत, मग एक चालू राहिली आणि दुसरी १९८३ साली बंद का पडली, ब्रोराचा माल वाईट होता का, असा तुमचा प्रश्न आहे. माल उत्तमच होता. वाईट होतं ते गणित.

आधी नावाचा घोळ. १८१९ साली स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावर उभी राहिलेली मूळ क्लायनेलिश म्हणजेच आजची ब्रोरा. ती उभारली मार्क्वेस ऑफ स्टॅफर्डने, पुढे ड्यूक ऑफ सदरलँड झालेल्या जमीनदाराने. मेंढ्यांसाठी कुरणं हवीत म्हणून आतल्या दऱ्याखोऱ्यांतली कुळं हुसकावून याच घराण्याने किनाऱ्यावर आणून बसवली. त्या कुळांनी पिकवलेलं बार्ली खपावं आणि चोरट्या हातभट्ट्यांना आळा बसावा, हा भट्टीमागचा हिशोब. पेटवायला कोळसा गावातल्याच खाणीचा. व्हिस्कीच्या जाहिरातीत हे हुसकावणं सहसा येत नाही.

१९६० च्या दशकात ब्लेंडेड स्कॉचची, म्हणजे अनेक भट्ट्यांचा माल मिसळून केलेल्या व्हिस्कीची, मागणी इतकी वाढली की मालक कंपनी डीसीएलने (डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड) १९६७-६८ मध्ये शेजारीच दारू गाळायच्या सहा भांड्यांची नवी भट्टी बांधली. भांडी जुन्यांच्याच घाटाची, नावही क्लायनेलिशच. जुनी बंद झाली, पण वर्षभरातच पुन्हा पेटली, कारण ब्लेंडसाठी आयला बेटावरच्यासारखा धुरकट माल कमी पडत होता. त्यात १९७२ ते ७४ आयलावरची काओल इला ही भट्टी पाडून नव्याने बांधली जात होती. म्हणून १९६९ ते ७३ या काळात इथे पीटचा (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा) भरपूर धूर दिलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, वापरलं गेलं. लिलावात लाखांची बोली लागते ती मुख्यतः याच वर्षांवर. दोन भट्ट्या एका नावाने चालवणं जमेना, म्हणून जुनीला गावाचं नाव मिळालं.

मग ऐंशीच्या सुरुवातीला मागणी घसरली, गोदामं पिंपांनी तुडुंब. डीसीएलने १९८३ मध्ये पोर्ट एलन, सेंट मॅग्डालीन, डॅलस धू अशा एकापाठोपाठ एक भट्ट्या विझवल्या. शेजारी सहा भांड्यांची नवी असताना दोन भांड्यांची म्हातारी कोण पोसणार? तेव्हा तिचा माल ब्लेंडमध्येच जिरायचा, ब्रोरा नावाची बाटली कोणी मागत नव्हतं. नाव झालं ते १९९५ पासून 'रेअर मॉल्ट्स' मालिकेत उरलेली पिंपं बाटलीबंद होऊ लागल्यावर.

मी एकदाच, एडिंबरोच्या बारमध्ये, घोटभर प्यायलो. आधी नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास, मग गोठ्याचा, धूर सगळ्यात शेवटी. (बायकोला वास दिला, तिने ग्लास मुकाट्याने परत केला.) तो मेणचटपणा क्लायनेलिशमध्येही आहे. भट्टीतल्या एका टाकीत तेलकट साका धरतो, त्यातून तो येतो. एकदा टाकी घासून लख्ख केली तर मेण गायबच झालं!

आणि ब्रोरा आता बंद नाही. आताची मालक कंपनी डियाजिओने जुनी दोन भांडी दुरुस्त करून मे २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू केली. त्यामुळे बाटली घेताना नुसतं नाव पाहू नका, गाळल्याचं साल पाहा. कुतूहल भागवायचं असेल तर चौदा वर्षांची क्लायनेलिश घ्या. धूर जवळजवळ नाही, मेण मात्र तेच.