पैशाची गोष्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, मी गोव्यातल्या साखळी गावची. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या गावच्या उत्सवी नाटकांच्या जुन्या संहिता टाइप करून ठेवायचं काम अंगावर घेतलंय. वह्या पिवळ्या पडल्यात, पानापानावर प्रॉम्प्टरच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. बोटं दुखतात म्हणून मुलाने फोनवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. मी वाचत जाते, ते मराठीत टाइप करत जातं. ‘ळ’ आणि ‘ण’सुद्धा चुकत नाही. पहिले सात दिवस १ रुपया. आठव्या दिवशी ४९९ गेले, पुढचे दोन महिनेही तेवढेच. चौथ्या महिन्यात ८९९ कापले. विचारलं तर उत्तर आलं, ‘तुमचा प्लॅन अपग्रेड झाला आहे.’ मी काहीच केलं नव्हतं. रद्द करायला गेले तर बटण सापडेना. सापडलं तेव्हा ‘तुमचं सर्व लेखन पुसलं जाईल’ असं आलं आणि मी घाबरून थांबले. आत तीन नाटकं आहेत. मुलगा म्हणतो, आत्ताच्या आत्ता बंद कर. पण त्याच्याशिवाय माझं काम व्हायचं नाही. विश्वास ठेवू की नको?
– एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, आधी ती तीन नाटकं बाहेर काढा. बाकी सगळं त्यानंतर.

मुलाला जवळ बसवा. एकेक संहिता उघडून सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि वर्डच्या फाइलमध्ये टाका. पीडीएफवर थांबू नका, कारण पुढे एखादं वाक्य दुरुस्त करायचं झालं की अडेल. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. चौकोन किंवा इंग्रजी चिन्हं न येता मराठी अक्षरं नीट दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि कुठेही उघडेल. मग वही समोर घेऊन शेवटच्या अंकाचं शेवटचं वाक्य ताडून पाहा. मजकूर शेवटाकडे तुटलेला असला तर तिथेच कळतं. हे झालं की त्या धमकीत काही दम उरत नाही. तुम्हाला अडवून धरलंय ते त्या धमकीने, ८९९ रुपयांनी नव्हे.

आता पैसे. फोंड्याला बँकेच्या काउंटरवर माझी २८ वर्षं गेली. तेव्हा खात्यातून दरमहा रक्कम वळती करायची असली की गिऱ्हाईक कागदावर सही करायचं : किती, कोणाला, कोणत्या तारखेला, कधीपर्यंत. माणसं तो कागद तीनतीनदा वाचायची, घरी नेऊन मुलाला दाखवायची. तोच कागद आता यूपीआय पिन टाकायच्या आधी काही सेकंद समोर येतो. वर ठळक १ रुपया, खाली बारीक अक्षरांत कमाल रक्कम आणि मुदत. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलवर जाऊन ‘ऑटोपे’ उघडा आणि त्या मँडेटची, म्हणजे पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीची, कमाल रक्कम बघा. ती ८९९ किंवा त्याहून मोठी असणार, नाहीतर तेवढे पैसे कापलेच गेले नसते. असे आपोआप जाणारे हप्ते १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन न मागता जाऊ शकतात. पैसे कापायच्या निदान २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमचे मेसेज शोधा. ८९९ची सूचना आली होती की नाही, हे तक्रारीत फार कामाला येईल.

माझ्याच घरात हे घडलंय. देवस्थानच्या जुन्या हिशेबवह्या स्कॅन करायला मी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. काम सुरेख करायचं. वर्ष भरल्यावर २,९९९ रुपये कापले. सूचना आली होती, पण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दुसऱ्या दिवशी, शुभेच्छांच्या शेदीडशे मेसेजखाली. घरात पाहुणे, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी, पंचखाद्य. फोन कोण बघतो? कंपनीने अटींकडे बोट दाखवलं. महिनाभर माझंच चुकलं असं मनाला लागून राहिलं होतं. तुमच्या पत्रातही तोच सूर ऐकू आला, म्हणून सांगतो : चूक तुमची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिलेत. रद्द करण्याची वाट मुद्दाम लांबवणं हा त्यातला ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, आणि न कळवता सॉफ्टवेअरचे पैसे कापत राहणं हे ‘सास बिलिंग’ (सास म्हणजे वर्गणी भरून वापरायचं सॉफ्टवेअर). दोन्ही तुमच्या पत्रात आहेत.

मुलाचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मँडेट आजच रद्द करा, सॉफ्टवेअर लगेच सोडू नका. आपल्याकडे सकाळी भोंपू वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. कित्येक घरांत त्याचं महिन्याचं खातं असतं, दारावरच्या पिशवीत तो उंडे नि पोळ्या असे पाव ठेवून जातो. पाच दिवस गावाला जायचं असलं तर आदल्या दिवशी नुसतं ‘नको’ म्हटलं की पिशवी रिकामी राहते, आणि त्या दिवसांचे पैसे तो मागत नाही. खातं चालतं ते त्या ‘नको’वर. तुमच्या या कंपनीला ‘नको’ ऐकू येत नाही. म्हणून तिचं काम घ्या, पण खात्याची किल्ली तिच्याकडे ठेवू नका. एका महिन्याचे पैसे हाताने भरता येत असतील तर भरा आणि हातातलं नाटक पुरं करा. ऑटोपेशिवाय देतच नसेल, तर माझ्या मते सोडा.

आणि तुम्हाला वाटतं तेवढं तुमचं तिच्यावाचून अडलेलं नाही. फोनवरच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय फुकट आहे, गूगल डॉक्समध्येही आहे. मी ही उत्तरं तशीच लिहितो. विरामचिन्हं हाताने घालावी लागतात, नाट्यपद असलं की गोंधळ होतो. एक प्रवेश वाचून बघा, मग ठरवा.

रद्द करताना दोन ठिकाणी करावं लागतं : कंपनीच्या ॲपमध्ये सबस्क्रिप्शन आणि यूपीआयमध्ये मँडेट. म्हापशाच्या एका वाचकाने नुसतं ॲप फोनवरून काढलं आणि पुढे पाच महिने पैसे जात राहिले. त्याआधी तुमचा प्लॅन खरोखर महिन्याचा आहे, की वर्षाचा करार महिन्याच्या हप्त्यांत, हेही बघून घ्या. मध्येच सोडल्यास लागणारी रक्कम गिऱ्हाइकाला नीट दिसू दिली नाही, या आरोपावरून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीसारख्या कंपनीवर खटला भरला होता.

जादा गेलेले ४०० रुपये मागा. रक्कम लहान म्हणून सोडू नका. कंपनीला ईमेल करा : तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, ‘मी प्लॅन बदललेला नाही’ एवढंच. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बँकेकडे या ४०० रुपयांसाठी गेलात तर पिन तुम्हीच टाकला होता असं ऐकावं लागेल. पण मँडेट रद्द केल्यावरही पैसे कापले गेले तर बँकेकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

ईमेल लिहायला जड वाटलं तर कच्चा मजकूर आणि कापल्याचे चारही मेसेज मला पाठवा, आपण दोघं मिळून तो नीट करू.