एकाच पीसीवर दोन पांडाज कसे ठेवायचे?

प्रश्न: दादा, मी परभणीहून लिहितेय, एमसीएला आहे. मोंढ्यातल्या सोयाबीन-तुरीच्या भावावर पायथनमध्ये प्रोजेक्ट केलाय, मस्त चालत होता. मग एका कोर्ससाठी पांडाज (तक्त्यातला डेटा हाताळायची पायथनची लायब्ररी) अपडेट केलं तर प्रोजेक्ट बंद, अपेंड नावाचं काही नाहीच म्हणतंय. जुनं टाकलं की कोर्सचं अडतंय. रोज टाका अन् काढा, हॉटस्पॉटचा डेटा संपायलाय. विंडोज आहे, रॅम ४ जीबी. मैत्रीण डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) टाक म्हणती. पुढच्या हप्त्यात सबमिशन आहे, काय करू?

उत्तर: आधी ते टाकणं-काढणं थांबव. तुझं काहीच चुकलेलं नाही, एप्रिल २०२३ मध्ये पांडाज २.० आलं त्यातून डेटाफ्रेमचं (पांडाजच्या तक्त्याचं) अपेंड, म्हणजे ओळी जोडायची कमांड, काढूनच टाकलं, आता कॉन्कॅट वापरायचं असतं. पण सबमिशन तोंडावर असताना कोडला हात लावू नको, प्रोजेक्टला त्याचं जुनं पांडाज वेगळ्या खोलीत दे अन् कोर्सला नवं दुसऱ्या खोलीत.

ही खोली म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. व्हेन्व्ह हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून सोबतच येतं, वेगळं काही उतरवायचं नाही. असतं काय तर एक साधं फोल्डर, त्यात पिपनं (पायथनची पॅकेजेस टाकणारी कमांड) टाकलेलं सगळं तिथंच राहतं, बाहेरच्याला धक्का नाही.

आता अडतं कुठं ते सांगतो, कारण इथंच पोरं दोन-दोन दिवस घालवतात. पांडाज १.५.३ पायथन ३.१२ वर तयार मिळत नाही, पिप ते तिथंच सोर्स कोडपासून बिल्ड करायला जातं अन् लाल एररचा ढीग पडतो. म्हणून पायथन ३.११ पण टाकून घे, विंडोजवर दोन्ही सोबत नांदतात, पाय (py) कमांडला हायफन लावून ३.११ दिलं की तेच चालतं, त्यानंच जुन्या प्रोजेक्टचं व्हेन्व्ह बनव. मग त्या खोलीच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं अ‍ॅक्टिव्हेट चालव, पॉवरशेल (विंडोजची कमांडची खिडकी) बऱ्याचदा अडवतं तर सरळ सीएमडी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघड, ओळीच्या सुरुवातीला कंसात खोलीचं नाव दिसलं म्हणजे आत आलीस. तिथं पांडाज १.५.३ सोबत नमपाय (पांडाज ज्यावर चालतं ती आकडेमोडीची लायब्ररी) १.२६.४ पण नंबर देऊनच टाक, नाहीतर पिप नमपाय २ आणतं अन् जुनं पांडाज इम्पोर्टलाच मरतं.

डेटाचं टेन्शन घेऊ नको, पिप उतरवलेल्या फायली कॅशमध्ये (पीसीवरच्याच साठ्यात) ठेवतं, तेच व्हर्जन परत टाकलं तर बहुतेक वेळा परत डाउनलोड होत नाही.

सगळं चाललं की पिप फ्रीझनं रिक्वायरमेंट्सची टेक्स्ट फाईल, म्हणजे कुठलं पॅकेज कोणत्या व्हर्जनचं याची यादी, काढ. कॉलेजच्या लॅबला पेनड्राइव्हवर कोड अन् ही फाईल ने, व्हेन्व्हचं फोल्डर नेऊ नको, त्यात तुझ्याच पीसीचे पत्ते लिहिलेले असतात, तिकडं चालणार नाही.

डॉकर चांगलंच आहे, शिक पण, फक्त विंडोजवर ते मागं आख्खं लिनक्स चालवतं, ४ जीबीत क्रोम अन् ते दोन्ही श्वास घेणार नाहीत.

अन् एक, तुझ्या प्रोजेक्टच्या फायली व्हेन्व्हच्या फोल्डरच्या आत ठेवू नको. खोली बिघडली तर ती डिलीट करून पाच मिनिटांत नवी बनवता येते, तेव्हा मोंढ्याचा डेटा सोबत जायला नको.