कर्नल अपडेटनंतर आवाज गेला म्हणून बोर्ड बदलू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की पार्ल्यात घरी गाण्याचे क्लास असतात, लॅपटॉपवर तानपुरा लावता आणि बाहेरगावच्या मुलांना ऑनलाइन शिकवता. रविवारी रात्री उबुंटू 22.04 या लिनक्स प्रणालीचं अपडेट झालं, त्यात कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा तिचा गाभाही बदलला. सोमवारी सकाळपासून आवाज नाही, सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसतं, म्हणजे मशीनला साउंड कार्डच सापडत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने साउंड चिप गेली, बोर्ड बदला, असं सांगितलं. कृपा करून तो खर्च एवढ्यात करू नका. रात्री वाजत होतं, सकाळी नाही आणि मधे कर्नल बदलला, तर पहिला संशय कर्नलवर. तो खरा की खोटा हे पाच मिनिटांत कळतं.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, रीस्टार्ट नको. सुरू करताना कंपनीचं चिन्ह दिसलं की एस्केप एकदा दाबा (मशीन फार जुनं असेल तर शिफ्ट दाबून ठेवा). येणाऱ्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा आणि आधीच्या नंबरचा कर्नल निवडा. 'रिकव्हरी' लिहिलेल्या ओळी सोडून द्या. तानपुरा वाजला की समजा चिप ठणठणीत आहे. उद्याचे क्लास याच कर्नलवर निर्धास्त घ्या. फक्त दुरुस्ती होईपर्यंत जुनी पॅकेजेस काढून टाकणारी 'ऑटोरिमूव्ह'ची आज्ञा देऊ नका, तीच हा जुना कर्नल घेऊन जाऊ शकते.

जुन्या कर्नलवरही आवाज नसेल तर गोष्ट वेगळी. आपल्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, हेडफोनचा जॅक आतून गंजतो. मग हेडफोन लावलेलाच आहे असं मशीनला वाटतं आणि ते स्पीकर बंद ठेवतं. पण तेव्हा साउंड कार्ड यादीत दिसत असतं, 'डमी' येत नाही. तुमच्याकडे कार्डच दिसत नाही, म्हणून मला हे कारण वाटत नाही.

आता मूळ कारण. गाणं आधी पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे जातं, तिथून अल्सा या कर्नलमधल्या आवाजाच्या थराकडे, आणि अल्साचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) चिपशी बोलतो. हा शेवटचा ड्रायव्हर कर्नलचा भाग असतो आणि प्रत्येक कर्नलचे ड्रायव्हर त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात. जुन्याच्या फोल्डरमधला ड्रायव्हर नव्याला वापरता येत नाही. उबुंटू 22.04 मध्ये साउंडचे ड्रायव्हर 'लिनक्स-मॉड्युल्स-एक्स्ट्रा' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. अपडेट अर्धवट राहिलं किंवा कोणी नुसता कर्नल हाताने टाकला, तर हे पॅकेज मागे राहतं. मशीन सुरू होतं, चित्र दिसतं, आवाज नाही. कधी वायफायही जातं. माझ्या एका शेजाऱ्यांकडे नेमकं हेच झालं होतं. मी दोन रात्री पल्सऑडिओ काढून परत टाकत बसलो, आणि दोष त्याच्या खालच्या थरात होता. म्हणून तुम्हाला आधी जुना कर्नल लावायला सांगतोय.

उपाय असा. सॉफ्टवेअरच्या यादीतून 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-22.04' पुन्हा टाका. हे पॅकेज कर्नल आणि त्याची एक्स्ट्रा मॉड्युल्स जोडीनेच आणतं, पुढच्या अपडेटलाही. मग नव्या कर्नलवर सुरू करून बघा.

तरीही गप्प असेल तर दुसरी शक्यता फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये भरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये डिजिटल माइक असतो आणि त्यांचा आवाज 'सॉफ' म्हणजे साउंड ओपन फर्मवेअरच्या ड्रायव्हरवर चालतो. त्याला लागणारी फाइल सापडली नाही की कार्ड तयारच होत नाही. कर्नलच्या नोंदींत (लॉगमध्ये) 'सॉफ' (sof) शब्द शोधा. फाइल नसल्याची तक्रार दिसली तर 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' (firmware-sof-signed) पॅकेज टाका किंवा अद्ययावत करा. अशा वेळी साउंड ड्रायव्हरच्या सेटिंगमधला 'डीएसपी ड्रायव्हर' (dsp_driver) हा पर्याय 1 करा, असा सल्ला तुम्हाला सर्रास मिळेल. त्याने स्पीकर वाजतात हे खरं, पण 'सॉफ'ऐवजी जुन्या पद्धतीचा एचडीए ड्रायव्हर जबरदस्तीने लागतो आणि आतला डिजिटल माइक बंद पडतो. मुलांना तुमचा सा ऐकूच गेला नाही तर स्पीकर वाजून उपयोग काय? शिकवणाऱ्या माणसाने हा मार्ग घेऊ नये, निदान बाहेरचा यूएसबी माइक हाताशी असल्याशिवाय नाही.

आणि उबुंटू मुळापासून पुन्हा टाकू नका. बंदिशींची रेकॉर्डिंग्ज त्याच डिस्कवर आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्यांची एक प्रत आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर एकदा जुन्या आणि एकदा नव्या कर्नलवर कर्नलच्या नोंदी फाइलमध्ये साठवा आणि दोन्ही फाइली इथे टाका. सोबत दोन्ही कर्नलचे नंबर लिहा. चालणारी आणि न चालणारी नोंद शेजारी ठेवली की नेमकं काय बदललं ते दिसतं. तोच पुरावा जोडून उबुंटूकडे तक्रार नोंदवता येते. ती मी तुमच्याबरोबर बसून लिहीन.