लोकसंख्या वाढली की अन्न कमी पडणार हे माल्थसचं म्हणणं खरं ठरलं का?

त्याने मांडलं तसं तरी नाही ठरलं. १७९८ मध्ये थॉमस माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की माणसं १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढतात आणि अन्न १, २, ३, ४ असं, मग दुष्काळ-रोगराई येऊन आकडा खाली येणारच. तेव्हा जग साधारण १०० कोटींचं होतं, २०२२ मध्ये ८०० कोटी झालं आणि तरी धान्य पुरलं कारण हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवता आलं, पुढे हरितक्रांती झाली. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरुपने १९६५ मध्ये उलटंच सांगितलं, की माणसं वाढली की गरजेपोटी शेतीची पद्धतच बदलते. मला हे जास्त पटतं, पण पूर्ण नाही, पंजाबात भातासाठी उपसलेलं भूजल कुठून परत आणायचं?

आणि गर्भनिरोधकं माल्थसला मान्यच नव्हती. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, केवढा विरोध सोसला त्या माणसाने! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती, देशात २. मुली शिकल्या, बाळं जगायला लागली, साधनं हाताशी आली की जन्मदर उतरतो, त्यासाठी आणीबाणीतली सक्तीची नसबंदी लागत नाही.

अजून एक, प्लीज पर्यावरणाचं सगळं खापर गरिबांच्या मोठ्या कुटुंबांवर फोडू नका, सरासरी अमेरिकन माणूस सरासरी भारतीयाच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड सोडतो.