कंदील, कडी आणि मधे आलेला पावसाळा

परभणीच्या भावा, तुझी अडचण वाचली. जुन्या वाड्यात भुताची शॉर्ट फिल्म केलीस आणि एडिटला बसल्यावर दिसलं की नायिकेच्या डाव्या हातातला कंदील पुढच्या शॉटला उजव्या हातात आहे, आणि तिनं लावलेली कडी निघालेली आहे. दोस्त म्हणतात, ‘द शायनिंग’मध्येसुद्धा चुका आहेत, सोडून दे.

आहेत ना! 1980 चा तो भुताटकीचा इंग्रजी सिनेमा. टायपिंग करताना त्यातला नायक जॅक बायकोवर खेकसतो, तेव्हा त्याच्या मागची खुर्ची गायब होते आणि परत येते. टाइपरायटरचा रंग बदलतो. कुऱ्हाडीनं बाथरूमच्या दाराची एक फळी फुटते, जरा वेळानं दोन्ही फुटलेल्या दिसतात. दिग्दर्शक कुब्रिकनं हे मुद्दाम केलं असंही म्हणतात. असेल, आपल्याला त्याचा उपयोग नाही. तिथं नजर जॅक झालेल्या निकोल्सनच्या चेहऱ्यावरून हलत नाही, म्हणून खुर्ची खपून जाते. तुझ्या अख्ख्या सीनमध्ये उजेड फक्त कंदिलाचा. नजर तिथंच जाणार. त्यामुळं दोस्तांचं ऐकू नकोस.

वाड्यात परत जायची गरज नाही. घरीच मागं काळं कापड लाव आणि कंदील या हातातून त्या हातात घेतानाचा क्लोजअप काढ. कडी काढणारा हातही तसाच. बांगड्या त्याच पाहिजेत. कंदिलाची काच पुसू नको. पहिल्या शॉटमध्ये वरच्या कडेला काजळीचा पट्टा असेल तर तेवढाच धर. कडीचा आवाज खऱ्या जुन्या दाराचा घे, निम्मं काम तोच करतो.

आमचं जे झालं त्याला असा उपाय नव्हता. बीड जिल्ह्यातल्या एका पडक्या गढीत उन्हाळ्यात शूटिंग होतं. सलग रात्रींची परवानगी मागितली, अर्ज वेळेत दिला, तोंडी होकारही मिळाला. हातात कागद आला तो एकाच रात्रीचा. उरलेल्यासाठी रोज तेच: साहेब दौऱ्यावर, फाइल दुसऱ्या टेबलावर, उद्या या. सही झाली तोवर पाऊस येऊन गेला होता. पोरगी गढीच्या दारात शिरते तेव्हा भेगाळलेली, करपलेली जमीन. आत पाऊल टाकलं की गुडघाभर तरोटा आणि भिंतीवर शेवाळ! उपटून उपटून किती उपटणार? शेवट सोडून द्यावा लागला. आजही त्या कचेरीवरून जाताना डोकं तापतं. पोरांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे होते ते.

ऋतू आधीच माहीत असला तर निभावता येतं. 1978 चा ‘हॅलोविन’ हा भयपट घडतो ऑक्टोबर अखेरीस, ऐन पानगळीत, अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये, शूट केला वसंतात कॅलिफोर्नियात. वाळकी पानं रंगवून पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्याला वापरायची. तरी मागची झाडं हिरवीगार आहेत, कुठं कुठं पामही दिसतो. पण त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की काय लपवायचंय.

म्हणून माझं मत, पटलं तर घे: पुढच्या वेळी तोंडी होकारावर कॅमेरा भाड्यानं घेऊ नकोस. सगळ्या तारखा एकाच पत्रात लिहून घे, पोच घे. आणि दार ओलांडण्याचा सीन असेल तर बाहेरची आणि आतली बाजू एकाच रात्री उरक, बाकीचे संवाद मागं राहिले तरी चालतील. जागा कोणाच्या ताब्यात आहे त्यावर नियम बदलतात, मी सांगतोय ते आमच्या भागातल्या अनुभवावरून. क्लोजअप झाले की इथं टाक, कंदिलाचा उजेड जुळतो का ते बघून सांगतो.