जीप झकास आहे, पण कागदावर कुठली गाडी आहे?

प्रश्न : नमस्कार काका, सांगलीत एक हायहूड जीप विकायला आहे, 1974 ची, मूळ पेट्रोल पण आता प्यूजो डिझेल इंजिन टाकलंय, पुढं डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर, मिलिटरी हिरवा रंग, एकदम कडक. मालक साडेसहा लाख म्हणतोय, वर सांगतोय की पन्नास वर्षं झाली त्यामुळं विंटेज नंबर मिळेल, पासिंगचं टेन्शन घेऊ नका. आमच्या आजोबांकडं अशीच जीप होती त्यामुळं मन अडकलंय. घेऊ का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : मन अडकलंय ते कळलं, आमचंही एकदा अडकलं होतं, पण आधी विंटेजचं बोलू कारण तिथंच मालक तुम्हाला गंडवतोय किंवा त्याला स्वतःलाच माहिती नाही. 2021 च्या नियमात पन्नास वर्षं ही अर्धीच अट आहे, गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. इथं तर इंजिनच दुसरं आहे! आणि समजा मिळाला विंटेज गाड्यांचा व्हीए मालिकेचा नंबर, तर पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये भरून गाडी फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, नाहीतर पेट्रोल भरायला आणि मेंटेनन्सला बाहेर काढायची. रोज कोरेगाव–सातारा करायचं तर तो नंबर तुमच्या काय कामाचा?

म्हणजे ही गाडी साध्या आरसीवरच चालणार, आणि मग आरसी हीच खरी गाडी, रंग नंतर बघा. फ्युएलच्या रकान्यात पेट्रोल आहे का डिझेल? पूर्वी लोक डिझेल इंजिन टाकून आरटीओत रीतसर चढवून घ्यायचे, तसं असलं आणि आतल्या इंजिनाचा नंबर आरसीशी जुळला तर अर्धा घोर मिटला. पेट्रोलच लिहिलेलं असेल तर मात्र गाडी बेकायदा. जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालणार नाही, आणि मोटार वाहन कायद्यात आता दर बदलामागं मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मालक म्हणजे तेव्हा तुम्ही, सांगलीवाला नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पण हेच बोट दाखवणार.

आता टेप घेऊन जा. आरसीवर सीजे 3बी, म्हणजे ह्या हायहूड जीपचं मॉडेल, असेल तर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत 80 इंच भरलं पाहिजे. 91 च्या आसपास आलं तर चेसी दुसऱ्याच जीपची आणि कागद तिसऱ्याच भंगाराचे, असलं लग्न आपल्याकडं बरंच लावलं जातं. मग चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, आकडे एका रेषेत, एका खोलीचे उमटले पाहिजेत, शेजारचा पत्रा ग्राइंडर मारल्यासारखा गुळगुळीत दिसला तर चहा पिऊन परत या. आणि 1974 ची गाडी असून नंबर एमएच-10 चा असेल तर का ते विचारा, ती मालिका 1989 नंतरची. मिलिटरीच्या लिलावातली म्हणाला तर लिलावाचा कागद मागा.

मी स्वतः मिरजेच्या बाजूला अशीच एक चकाचक जीप घेतली होती, रंग असा की मिशा बघून घ्याव्यात. पहिल्या पावसात यवतेश्वर घाट चढताना क्लचच्या पायाखालची पुट्टी सुटली आणि खाली डांबर दिसायला लागलं, बायको म्हणाली आता पायानंच ब्रेक मारा. तेव्हापासून चुंबक खिशात असतो. तळाला, दाराखाली, मागच्या कोपऱ्यात लावून बघा, चिकटला नाही तिथं पुट्टी.

सांगलीची गाडी, त्यामुळं पुराचं पण बघा. 2019 आणि 2021 ला कृष्णेनं किती गाड्या बुडवल्या ते तुम्हाला सांगायला नको. डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गियरच्या डब्याचा, नट खोलून बोट घाला, ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. चेसीच्या भोकातून तार घालून वाळलेला गाळ निघतो का तेही बघा.

बाकी एक गंमत, त्या जीपचं हूड उंच आहेच मुळी मूळच्या पेट्रोल हरिकेन इंजिनासाठी, ते उंचीला जास्त होतं म्हणून बॉनेट वर उचललं. ते इंजिनच काढलंय, त्यामुळं रिस्टोर हा शब्द साडेसहा लाखातून वजा करा. कागद जुळले तर वापरायची गाडी म्हणून भाव पाडून घ्या, प्यूजो दणकट आहे, आपल्याकडं ते हाताळणारे जुने मिस्त्री अजून सापडतात. कागद नाही जुळले तर फुकट दिली तरी नको.

प्रश्न : आमच्या जुन्या जीपला फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद) लावून डांबरी रस्त्यावर चालवली, तर लिव्हर बाहेरच निघेना. काय झालं?
– एक वाचक, पाटण

उत्तर : तुटलं काही नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं कमी-जास्त अंतर कापतात, आणि ह्या जीपला तो फरक पचवणारं मधलं डिफरन्शियल नसतं, चिखलात चाक घसरून सुटतं, डांबरावर घसरत नाही म्हणून सगळा ताण गियरमध्ये अडकतो. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन-चार फूट रिव्हर्स घ्या, लिव्हर हातानं सुटेल. हातोडी मारू नका.